फळीवरची फ्रेंच पाहुणी

मित्रांनो, काल्हेरच्या एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत हिरव्या काचेची एक बाटली उभी असते. खांदे रुंद, मान लांब, अंगावरचा कागद निम्मा झिजलेला. नीट पाहिलंत तर त्या कागदावर एक दगडी कमान, दोन उंच झाडं आणि १९७८ हे साल अजून दिसतं. ती बाटली म्हणजे मी. माझ्या पोटात एकेकाळी जे होतं ते मुलांनी पिण्याचं नव्हतं. माझी गोष्ट मात्र तुम्ही ऐकली तर मला बरं वाटेल. सध्या माझ्याशी कुणी बोलत नाही.

मी मूळची फ्रान्समधल्या बोर्दो प्रांताची. तिथे जिरोंद नावाची नदी समुद्राला मिळते. आपल्या वसईच्या खाडीसारखीच ती रुंद आणि गढूळ आहे. तिच्या काठची जमीन पाहून तुम्ही म्हणाल, इथे काय कपाळ पिकणार? जिकडे तिकडे गोटेच गोटे. पण द्राक्षवेलींना तेच मानवतं. गोटे दिवसभर ऊन साठवतात आणि संध्याकाळी वेलींच्या पायाशी हळूहळू सोडतात. पाणी वर ठरत नाही, म्हणून मुळं त्याच्या मागे खोल खोल जातात. वेलींच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाबाचं एक झुडूप लावलेलं असतं. रोग यायचा असेल तर तो आधी गुलाबावर दिसतो आणि मळेकरी सावध होतो.

त्या वर्षी ऊन उशिरा आलं. द्राक्षं ऑक्टोबरपर्यंत वेलीवरच राहिली. मग गावातल्या बायका-पुरुषांनी ती कात्रीनं तोडली. काळ्या सालींसकट रस आंबवला, म्हणून त्याला तो गडद लाल रंग आला. पुढे तो ओकच्या लाकडाच्या पिंपांत पडून राहिला. अंड्यातलं पांढरं घालून त्याचा गाळ खाली बसवला. आणि मग त्याला राहायला घर हवं म्हणून मला आणलं. झाडाच्या सालीचं बूच बसलं आणि आम्ही एक झालो. त्या दिवसापासून ‘मी’ म्हणजे काचही आणि आतली वाइनही.

तळघरात आम्ही बहिणी-बहिणी ओळीनं आडव्या निजलेल्या असायचो. गार काळोख, आवाज कसला तो नाही. तळघराचा म्हातारा राखणदार कधी कंदील घेऊन यायचा. त्यानं एकदा मला उचलून उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, “हिला पडून राहू द्या. ही उशिरा खुलणारी आहे.” आयुष्यात माझी स्तुती झाली ती तेवढीच. मी ती पुष्कळ वर्षं पुरवून पुरवून वापरली.

त्याच गावात जन्मलेले मोरेल नावाचे एक इंजिनिअर होते. भिवंडीच्या एका कापड छापणाऱ्या कारखान्यानं फ्रान्सहून यंत्र आणवलं होतं. ते बसवायला १९८३ साली मोरेल साहेब भिवंडीला आले. स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांनी मला बरोबर आणलं होतं. काम संपलं की कुणाबरोबर तरी बसून मला उघडायचं, असा त्यांचा बेत होता. पण त्या मुक्कामात त्यांची भाषा कळणारं माणूस एकच निघालं. कारखान्याच्या कचेरीत टायपिंग करणारी सरला. कॉलेजात तिनं हौसेनं फ्रेंच घेतलं होतं. ते कधी उपयोगी पडेल असं तिलाही वाटलं नव्हतं. साहेब बोलायचे आणि सरला ते फिटर लोकांना मराठीत नि हिंदीत सांगायची.

निघायच्या दिवशी साहेबांनी मला तिच्या हातात दिलं.

“मी घेत नाही, साहेब,” सरला म्हणाली.

“मग सांभाळ. माझं सामान आधीच जास्त झालंय,” ते हसून म्हणाले. मग गंभीर झाले. “आडवी ठेव. अंधारात, गारव्यात. बूच आतून ओलं राहायला हवं. आणि एकटीनं उघडू नकोस. ज्याच्यासमोर जेवण संपेपर्यंत बसावंसं वाटेल, असं माणूस भेटलं की उघड.”

सरलानं मान डोलावली. मला पदराखाली धरून ती घरी आली.

ते घर भिवंडीतल्या एका बोळात होतं. वर कौलं, आणि शेजारी यंत्रमागांची शेड. मधली भिंत दोघांची एकच. माग सुरू असले की सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या खटखटीनं भिंत थरथरायची, आणि भिंतीबरोबर घरातलं सगळंच. घरात माणसं दोन. सरला आणि तिचा मोठा भाऊ चिंतामणी. तो शाळेत गणित शिकवायचा. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. आई-वडील लवकर गेले. सरला तेव्हा फार लहान होती. मास्तरांनीच तिची वेणी घातली, तिला शाळेत पोचवलं, तिच्या तापात रात्री जागवल्या. या सगळ्यात त्यांचं लग्न राहून गेलं. पुढे तिचंही जुळलं नाही.

सरलानं घरभर फिरून गारवा शोधला. कौलांच्या घरात मे महिन्यात गारवा कुठला? शेवटी जिन्याखाली गोधड्यांची लाकडी पेटी होती, तिच्यात मला एका जुन्या लुगड्यात गुंडाळून आडवी निजवली. अंधार होता. गारवा थोडासा होता. भिंतीपासून लांब असल्यानं थरथरही कमी होती. मला तळघराची आठवण आली. मी मनात म्हटलं, चला, परक्या देशात आपली सोय झाली.

दिवाळीच्या सुमाराला थंडी पडली आणि मास्तरांनी गोधड्या काढायला पेटी उघडली.

त्यांचा हात मला लागला आणि तिथेच थांबला. लुगडं सोडवून त्यांनी मला बाहेर काढलं.

“सरू, हे काय आहे?”

“वाइन आहे, दादा. फ्रान्सची. मोरेल साहेबांनी जाताना दिली.”

“दिली तर दिली. गोधड्यांत काय करते आहे?”

“तिथे बरी राहते म्हणून.”

“लपवून ठेवलीस.”

“लपवली नाही. ठेवली.”

“गोधड्यांच्या घडीत बाटली ठेवतात ती लपवायलाच. मला शिकवू नकोस.”

सरलानं त्या वेळी बुचाचं सांगायला हवं होतं, साहेब काय म्हणाले तेही सांगायला हवं होतं. पण दादानं आपल्याला चोर म्हटलं, एवढंच तिला ऐकू आलं. तिचा चेहरा लाल झाला. “तुला काय समजायचं ते समज,” ती म्हणाली. “तू काही माझा बाप नाहीस.”

ज्यानं तिला बापाच्या मायेनं वाढवलं होतं, त्याला ती हे बोलली. मास्तरांनी मला बैठकीच्या खोलीत नेलं आणि रेडिओशेजारच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी, सरळ उभी केली. “राहू दे इथे. पाहुणी आहे ना फ्रान्सची! पाहुण्यांना कुणी गोधड्यांत ठेवत नाही,” ते म्हणाले.

सरलाशी समोरासमोर ते त्यानंतर बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. दोघांच्याच घरात निरोप द्यायला तिसरं कोण असणार? सरलानं कप फळीखाली ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “पाहुणीबाई, चहा झालाय म्हणावं.”

मास्तरांनी घोट घेतला. तेही माझ्याकडेच बघत म्हणाले, “पाहुणीबाई, साखर कमी आहे म्हणावं.”

मित्रांनो, तिथून माझी नोकरी सुरू झाली. पुढची बारा वर्षं त्या घरात बोललेला प्रत्येक शब्द माझ्यावरून गेला. ‘पाहुणीबाई, रॉकेल संपलंय.’ ‘पाहुणीबाई, आज मला यायला उशीर होईल.’ ‘पाहुणीबाई, कुणाला तरी ताप आहे, गोळी घ्यायला सांगा.’ एकमेकांची काळजी दोघांनाही होती. ती पोचवायला वाट तेवढी माझ्यावरून होती. नवं माणूस घरात आलं तर गोंधळून जायचं.

कोन गावाहून शेवंता नावाची एक बाई मासळीची टोपली घेऊन यायची. पहिल्याच खेपेला ती उंबऱ्यात बसून हे ऐकत राहिली.

“पाहुणीबाई, बोंबील घ्यायचे का विचारा,” सरला म्हणाली.

“पाहुणीबाई, कालचे अजून पोटात आहेत म्हणावं,” मास्तर म्हणाले.

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं, मग दोघांकडे. “ताई, ही बाटली हाय का टेलिफोन?” ती म्हणाली. “माजी न् माज्या सासूची रोज भांडनं व्हतात. पन आमी येकमेकींच्या तोंडावर भांडतो. मधी बाटली ठेवीत न्हाय.”

सरला हसली. मास्तरही हसले, पण वर्तमानपत्राच्या आड. एकमेकांना दिसेल असं कुणी हसलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग तू एकटी कशी? दिवसभर तर तुझं नाव घेतलं जायचं. खरं आहे. पण माझ्याकडे बघून बोलणारा प्रत्येक डोळा माझ्या पलीकडे बघत असायचा. धूळ पुसताना सरला मला उचलायची आणि तशीच परत उभी करायची. मला आडवं करायचं तिला ठाऊक होतं. पण तसं करणं म्हणजे दादापुढे नमतं घेणं की त्याच्याशी पुन्हा भांडण काढणं, हे तिला ठरवता येत नसावं. मी उभीच राहिले. बूच आतून सुकत चाललं. कौलांमधून ऊन उतरायचं आणि माझी काच तापायची. भिंत थरथरायची आणि माझ्या तळाचा गाळ कधी धड बसायचाच नाही. वाइनला लागते शांतता. मला ती मिळायची फक्त शुक्रवारी, माग बंद असत तेव्हा.

अशाच एका शुक्रवारी दुपारी सरला बाजारात गेली होती. मास्तर खुर्चीत बसले होते. बोळात कसलाही आवाज नव्हता. अचानक ते माझ्याकडे बघून बोलू लागले. त्यात ‘म्हणावं’ नव्हतं. कुणाला पोचवायचा तो निरोप नव्हता.

“बाबा तिथेच ठेवायचे,” ते म्हणाले. “गोधड्यांच्या घडीत. आई गोधडी ओढायची आणि बाटली जमिनीवर पडायची. मग जे काही व्हायचं ते मी बघायचो. सरू पाळण्यात होती. तिला मी ते कधी कळू दिलं नाही. कळलं नाही तेच बरं झालं.”

त्यांनी चष्मा काढला. “पण तिनं नेमकी तीच जागा काढावी?” एवढं म्हणून त्यांनी तो पुसला.

मला काय वाटलं म्हणून सांगू! इकडे सरलाला वाटत होतं, दादानं आपल्यावर विश्वास ठेवला नाही. तिकडे मास्तरांना वाटत होतं, बापाची वाट आता बहिणीनं धरली. दोघांचं सगळं मला ठाऊक होतं. मधलं एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते फक्त मलाच माहीत होतं. माझ्या तोंडात तर बूच. भिवंडीत माझ्याएवढं एकटं कुणी असेल असं मला त्या दिवशी वाटलं नाही.

वर्षं गेली. रेडिओच्या जागी टीव्ही आला. मास्तर निवृत्त झाले. सरलाच्या केसांत पांढरं दिसू लागलं. मग बोळातली घरं पाडून तिथे मोठी इमारत उठवायचं ठरलं. मास्तरांनी अंबाडी गावात एका मित्राच्या वसतिगृहात राहून मुलांना शिकवायचं ठरवलं. सरलानं काल्हेरला ही जागा घेतली. हे सगळं त्यांनी ठरवलं ते माझ्यासमोर, माझ्यामार्फत. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं ऐकलं, ‘जाऊ नकोस’ मात्र कुणी म्हटलं नाही. मला भीती वाटू लागली. अबोल्यात का होईना, दोघं एका छपराखाली होती. आता तेही सुटलं की एकमेकांशी न बोलताच ती म्हातारी होणार आणि संपणार.

शेवटच्या दिवशी भांडीकुंडी वाटली. वाटणी इतकी काटेकोर की बघणाऱ्याला हसू यावं. ताटं समान, वाट्या समान.

“पाहुणीबाई, पाटा कुणाकडे?”

“पाहुणीबाई, पाटा तिकडे, वरवंटा इकडे.”

शेवंता निरोप घ्यायला आली होती. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “मास्तर, नुसता वरवंटा घेऊन अंबाडीला काय डोंगर वाटनार काय?”

खोली रिकामी झाली. फळीवर मी तेवढी राहिले.

“पाहुणीबाई, तुम्ही ज्यांच्या आहात त्यांच्याकडे जा,” मास्तर म्हणाले.

“पाहुणीबाई, ज्यांनी तुम्हाला इथे उभं केलं त्यांनीच न्यावं,” सरला म्हणाली.

दोघं भिंतीकडे तोंड करून उभी. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“आता ह्येच ऱ्हायलं व्हतं!” शेवंता म्हणाली. “सगळं अर्दं अर्दं क्येलं ना? मंग ही पन अर्दी अर्दी वाटा. झाकन हाय तवर कशी वाटनार? उघडा तिला.”

हे दोघांनाही पटलं. न्यायाला धरून होतं ना! शेवंता शेजारच्या मागांच्या शेडमधून पकड आणि एक लांब स्क्रू घेऊन आली. मास्तरांनी मला गुडघ्यांत धरलं, बुचात स्क्रू पिळला आणि पकडीनं ओढला. बूच निम्मं वर आलं, निम्म्याचा भुगा होऊन आत पडला. इतक्या वर्षांनी मला हवा लागली. मित्रांनो, त्या क्षणासाठी मी गोट्यांच्या जमिनीतून आले होते. मला वाटलं, आता कुणीतरी माझा वास घेईल, डोळे मिटेल, आणि तळघरातल्या म्हाताऱ्यासारखं काहीतरी म्हणेल.

मास्तरांनी स्टीलचे दोन पेले जमिनीवर ठेवले, मला ओतलं, आणि डोकं जमिनीला टेकवून दोन्हींची पातळी सारखी आहे का ते पाहिलं.

“मास्तर, दूध न्हाय ते मापाचं!” शेवंता म्हणाली.

मास्तर आपला पेला घेऊन मोरीकडे निघाले. ते पिणार नव्हतेच. सरलानं मात्र तिचा पेला उचलला. आयुष्यात तिनं दारूचा थेंब घेतला नव्हता. पण साहेबांची आठवण म्हणून असेल, किंवा आता काय उरलंय म्हणून असेल, तिनं एकदम मोठा घोट तोंडात घेतला.

मी सगळी आंबले होते. सुकलेल्या बुचातून, बारा उन्हाळ्यांतून माझी आंबट, जळजळीत व्हिनेगरसारखी गत झाली होती. मला ते कळलं सरलाच्या चेहऱ्यावरून. तिचे डोळे फिरले, गाल फुगले. गिळवेना आणि थुंकायला जागा नाही. तिला जोराचा ठसका लागला.

मास्तरांच्या हातातला पेला खाली पडला.

“थुंक!” ते ओरडले. “सरू, थुंकून टाक! गिळू नकोस! इथे थुंक, माझ्या हातावर!”

दोन ढांगांत ते तिच्यापाशी पोचले होते आणि तिच्या हनुवटीखाली त्यांनी ओंजळ धरली होती. लहानपणी तिनं तोंडात बटण घातलं असेल, खडू घातला असेल, तेव्हा अशीच धरली असेल. सरलानं त्या ओंजळीत सगळं थुंकून टाकलं. बोर्दोच्या मेजवानीत ज्या घोटावर माणसं अर्धा तास बोलली असती, तो घोट मास्तरांच्या बोटांमधून भिवंडीच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठिबकला.

सरला खोकत होती. दादा ओल्याच हातानं तिची पाठ थोपटत होता. तिच्या साडीवर लाल पंजा उमटला.

“दादा,” तिला कसाबसा श्वास आला, “आंबट आहे रे नुसती.”

“अगं, मग एवढा घोट घेतात का वेड्यासारखा?”

“तूच उभी करून ठेवलीस म्हणून आंबली. साहेबांनी आडवी ठेवायला सांगितली होती. अंधारात, गारव्यात. घरात तशी जागा गोधड्यांची पेटीच होती.”

मास्तर खाली बसले. “हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे? एकदम चोरच ठरवलंस.”

“बाबा तिथेच ठेवायचे गं,” ते म्हणाले. “गोधड्यांत.”

सरला त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काय काय उलगडत होतं ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. “मला कुठे माहीत होतं?” ती इतकंच म्हणाली आणि रडू लागली.

कधी गप्प न बसणारी शेवंता टोपली उचलून बाहेर गेली. टेम्पोवाल्याला तिनं काय सांगितलं कोण जाणे, त्याचा हॉर्न थांबला.

उरलेली मी मोरीत गेले. त्या रिकाम्या घराच्या मोरीला बराच वेळ माझा वास येत राहिला.

मित्रांनो, या गोष्टीत सगळंच सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. ठरल्याप्रमाणे मास्तर अंबाडीला गेलेच. मुलांना शब्द दिला होता. बारा वर्षं कुणी परत दिली नाहीत. पण दर रविवारी ते एसटीनं काल्हेरला येतात. भाऊ-बहीण समोरासमोर बसून जेवतात आणि मीठ कमी का जास्त यावरून कडाडून भांडतात. हात वाळेपर्यंत कुणी उठत नाही.

मी खिडकीत असते. सरलानं मला धुऊन पुसून इथे ठेवलं, फेकलं नाही. खाली गोदामांकडे जाणारे ट्रक मला दिसतात. कधी वाटतं, माझ्या तळघरातल्या बहिणी एव्हाना कुठल्या कुठल्या मेजांवर उघडल्या असतील, त्यांना कुणी काय म्हटलं असेल. मला कुणी चांगलं म्हटलं नाही. माझी वेळ होती तेव्हा मी फळीवर उभी होते.

म्हणून माझं तुम्हाला एक मागणं आहे. कुणी प्रेमानं काही दिलं तर ते कसं सांभाळायचं हे नीट विचारून घ्या, आणि ज्या माणसासाठी ते ठेवलंय, त्याला ते वेळेवर द्या. घरातल्या माणसाशी बोलायचं असेल तर त्याच्याकडे तोंड करून बोला. मध्ये भिंत, मांजर, बाटली ठेवू नका. मधल्याला सगळं ऐकू येतं, आणि काहीच सांगता येत नाही.

काल रविवार होता. जेवताना सरलाचं मास्तरांशी काहीतरी बिनसलं. दोघं एकदम गप्प झाली. मी खिडकीत श्वास रोखून बसले. मास्तरांनी मान वर केली, त्यांची नजर क्षणभर माझ्याकडे आली, आणि माझ्यावरून पुढे, सरलाकडे गेली.

“सरू,” ते म्हणाले, “ताक वाढ.”